आपाचा मिस्ड कॉल

जिचा नंबर मी माझ्या हाताने ब्लॉक केला होता, तिचा फोन आला नाही म्हणून मी तिला बेपत्ता ठरवलं. नुसतं मनात ठरवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी अर्धा अकोले तालुका कामाला लावला. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. सगळी उमर प्राथमिक शाळेत गेलेली, निवृत्त होऊन भिंगारला मुलाकडे राहायला आलेली. पण शाळा सुटली तरी हजेरी घ्यायची खोड काही सुटली नव्हती. पेपरवाला उशिरा आला, समोरची कामवाली दांडी मारून बसली, गल्लीतलं कुत्रं दोन दिवस दिसलं नाही, सगळ्याची नोंद माझ्याकडे. गैरहजर माणूस मला सहनच होत नसे. आणि नेमकी माझी मैत्री जडली ती गैरहजर राहण्यातच सुख मानणाऱ्या बाईशी.

त्या आमच्या समोरच राहायच्या. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणायची, मीही म्हणायची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. हाडापेराने काटक, आवाज घोगरा, पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. सलवार-कमीजखाली ते बूट बघून गल्लीतल्या बायका पदराआड हसायच्या. आपांची सगळी नोकरी अकोल्याच्या डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांवर सरकारी नर्स म्हणून झाली होती. शोहर लवकर गेले. एकुलता मुलगा शिकून पुण्याला लागला. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर मुलाने सुचवलं, अम्मी, घरावर मजला चढव. आपांनी शाळेची पोरं ने-आण करणारी एक जुनी मारुती व्हॅन विकत घेतली.

आतली बाकडी काढून टाकली. तिथे सुताराकडून फळ्या ठोकून घेतल्या, त्यावर कापसाची गादी. खिडक्यांना दवाखान्यातल्या हिरव्या कापडाचे पडदे. फळीखाली एक छोटा सिलिंडर, पाण्याचा कॅन, पिठाचा डबा, नमाजाची चटई. मागच्या काचेवर 'सावकाश, आत मुले आहेत' असं लिहिलेलं होतं, ते तेवढं पुसलं नाही. म्हणायच्या, असू दे, मागचे लोक हॉर्न वाजवत न्हाईत.

महिन्यातून एकदा ही बाई त्या डब्यात बसून एकटी निघायची. संगमनेर, अकोले, राजूर, आणि तिथून पुढे जिथे डांबर संपतं तिथपर्यंत. डोंगराच्या कुशीत, रानाच्या काठाला गाडी लावायची आणि चार-पाच दिवस तिथेच राहायची.

लावण्याचीही पद्धत ठरलेली. आधी जवळच्या वस्तीवर जाऊन हे रान कुणाचं हाय म्हणून विचारायचं. मालकाने हो म्हटल्याशिवाय गादी उलगडायची नाही. गाडीचं तोंड कायम वाटेकडे. वठलेल्या फांदीखाली थांबायचं नाही, ओढ्याच्या पात्रात उतरायचं नाही. वस्तीवरच्या बाया ओळखीच्या, निम्म्यांची बाळंतपणं यांच्याच हातची. मग कुणी पोराचं खरचटलेलं ढोपर घेऊन यायची. आपा आधी ठणकावून सांगायच्या की मी रिटायर झाले, आता मला काही येत नाही. आणि सांगता सांगताच ढोपर धुवायला घ्यायच्या.

मी एकदा विचारलं, तिथे जाऊन करता काय? तर म्हणाल्या, बसते. मग? मग दुसरीकडं जाऊन बसते. मी म्हटलं, भीती नाही वाटत, एकटीला? त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर मी पुढे बऱ्याच जणींना माझंच म्हणून ऐकवलं आहे. "जनावर कधी इचारत न्हाई, तू एकटी का हाईस म्हनून."

खरं कारण त्यांनी पुढे कधीतरी वाटाणे सोलता सोलता सांगितलं. नोकरीभर त्यांचं दार रात्री-अपरात्री वाजलं. कुणाला कळा लागल्या, कुणाला साप चावला, कुणाचं मूल निपचित पडलं. दार वाजलं की उठायचं आणि चालू लागायचं. निवृत्त झाल्यावर भिंगारच्या घरातही त्या खाडकन उठून बसायच्या. शेजारच्याचं दार वाजलं तरी पायांत बूट. रानात दारच नाही, म्हणून तिथे झोप लागते, असं म्हणाल्या. तिथे गेलं की दोन्ही कानांत कापूस घालायचा आणि सूर्य वर येईपर्यंत मढ्यासारखं पडायचं. वर्षानुवर्षांची झोप हप्त्या-हप्त्याने फेडून घेते आहे, हा त्यांचाच शब्द.

आता माझा संबंध. त्या रानात मोबाईलला रेंज नसते. रोज दिवस मावळायच्या सुमाराला आपा जवळच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, चढायच्या, तिथे कशीबशी रेंज मिळायची, आणि तिथून मला मिस्ड कॉल द्यायच्या. दोन रिंगा आणि बंद. मी उचलायचा नाही, बोलायचं नाही. आपा ठीक आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मुलाला फोन केला तर तो अर्धा तास परत ये म्हणत बसतो, म्हणून हे काम माझ्याकडे. मला त्याचा केवढा अभिमान. संध्याकाळी फोन समोर ठेवून मी देवापुढे बसल्यासारखी बसायची, आणि दोन रिंगा झाल्या की घरात जाहीर करायची, आपा हजर.

मग माझ्या अंगात आलं, आपणही जावं. आपा नको नको म्हणत होत्या, पण मी गोड बोलून गाडीत बसलेच. सोबत डासांच्या उदबत्त्या, दोन बॅटऱ्या, घडीची खुर्ची, लोणच्याच्या बरण्या आणि पोथी. नगर ओलांडायच्या आत मी माझ्या जावेची पूर्ण हकिगत सांगून संपवली. संगमनेरला नणंद सुरू केली. रानात पोचल्यावर, आपा काळा चहा घेऊन दगडावर बसल्या, तर मी शेजारी खुर्ची मांडून, इथे शौचालयाची सोय कशी हवी होती यावर बोलत राहिले. अंधार पडला तसं माझं सुरू झालं, आपा, काय वाजलं? त्या म्हणाल्या, पान. मी म्हटलं, आणि आता? म्हणाल्या, दुसरं पान. असं किती पानांपर्यंत चाललं कोण जाणे. आपांनी कानात कापूस घातला तर मी हलवून उठवलं, म्हटलं, तुम्ही कापूस घातला तर मी कुणाशी बोलू? सकाळ होताच त्यांनी गादी गुंडाळली आणि मला भिंगारला आणून सोडलं. आणि त्याच पावली गाडी वळवून परत गेल्या. मला वाटलं, काहीतरी विसरलं असेल.

पुढच्या वेळी, थंडीचे दिवस होते, मी पुन्हा पिशवी भरून दारात उभी. आपा गाडीत पाणी चढवत होत्या. थांबल्या. मला म्हणाल्या, "मास्तरीन, तू येऊ नगं. तू रानात बी भिंगार घिऊन येतीस."

बोलल्या त्या हसत. पण समोरच्या ओट्यावर दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं. मला असा राग आला म्हणता. इयत्ता दुसरीतली पोरगी कट्टी घेते तशी मी घरात गेले. त्याच आठवड्यात सुनेने मला नंबर ब्लॉक करायला शिकवलं होतं, कर्ज घ्या कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्यांसाठी. नवी विद्या हाताशी होतीच. मी आपांचा नंबर काढला आणि करून टाकला ब्लॉक. म्हटलं, द्या आता मिस्ड कॉल.

राग संध्याकाळपर्यंत उतरला. सुनेने कांदाभजी केली होती, त्यात तो कधी गेला कळलंही नाही. राग गेला, ब्लॉक तसाच राहिला.

दिवस मावळला तशी मी सवयीने फोन समोर ठेवून बसले. रिंग नाही. वाटलं, पहिला दिवस आहे, उशीर झाला असेल. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. त्याच दुपारी व्हॉट्सॲपवर निरोप फिरत होता की संगमनेरकडे बिबट्याने एका म्हातारीला ओढून नेलं. कुठली म्हातारी, केव्हाची, खरं का खोटं, काही नाही. मी वाचलं आणि माझ्या डोक्यात आपांचे कॅनव्हासचे बूट रानात पडलेले दिसायला लागले.

माझे विद्यार्थी जिल्हाभर पसरलेले आहेत. एक पोलिसात, एक वन खात्यात, एकाचं मोबाईलवर बातम्या दाखवायचं चॅनेल. मी रडत रडत तिघांनाही फोन केले. बाईंचं रडणं ऐकून कोण थांबतो? चॅनेलवाला तर अर्ध्या तासात दारात, कॅमेरा घेऊन. आणि इथे मला सांगायलाच हवं की मी त्याला ओट्यावर बसवून आत गेले, जांभळी साडी नेसले, मगच बाहेर येऊन पुन्हा रडले.

पहाटे फटफटताना तिकडे रानाजवळच्या गावातली वीस-पंचवीस माणसं, वन खात्याचे गार्ड, पोलीस आणि कॅमेरावाला असे निघाले. बिबट्या असला तर पळावा म्हणून पत्र्याचे डबे बडवत. उजाडताच व्हॅन दिसली. पडदे ओढलेले, आत हालचाल नाही. हाका मारल्या, उत्तर नाही, कानांत कापूस. मग दोघा-तिघांनी मिळून व्हॅनच्या दारावर धडाधडा थापा मारल्या. कॅमेरा चालूच होता.

दार सरकलं. आपा. केस विस्कटलेले, डोळे अजून झोपेतच, एक बूट पायात आणि दुसऱ्यात पाय घालायची धडपड. समोर एवढी माणसं बघून त्यांनी विचारलं, "कुनाला कळा लागल्या?"

हसू उसळलं. सगळे हसले, हे त्या व्हिडिओत नीट ऐकू येतं. आपा हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून बघतात आणि दुसरा बूट तसाच हातात धरून खाली बसतात, तेही दिसतं. तो व्हिडिओ नगरपासून शेवगावपर्यंत सगळ्यांनी पाहिला. पुण्यात मुलाच्या ऑफिसातही कुणीतरी पाहिला.

मुलगा त्याच दिवशी भिंगारला आला, तोवर आपाही गाडी घेऊन परतल्या होत्या. भला पोरगा, पण आईचं हसं झालेलं कुणाला बघवतं? आपांच्या घरात आम्ही तिघंच होतो. तो म्हणाला, अम्मी, निदान फोन तरी करायचास. आपा म्हणाल्या, दिला हुता, रोज दिला. त्यांचा फोन बटणांचा, त्यात तारीख-वेळ कधी लावलेलीच नव्हती. माझ्या नावाचे कॉल दिसत होते, पण कुठला कधीचा, त्याचा पत्ता नाही. मग त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, तुम्हाला आला होता?"

मी म्हटलं, नाही बाबा. आला असता तर एवढं कशाला झालं असतं?

आपांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, बिचारी गोंधळली आहे, वय झालं. मी तोंड दयाळू केलं.

मुलाने निष्कर्ष काढला की अम्मी विसरायला लागली. पुण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आज वार कोणता विचारलं तर या म्हणाल्या, तुमच्याकडं कॅलेंडर न्हाई का? तेही विसराळूपणाच्या खात्यात जमा झालं. व्हॅनची किल्ली मुलाने आपल्या खिशात टाकली.

आता लाजेची मुख्य गोष्ट. इथपर्यंत जे झालं तो मूर्खपणा होता. चार दिवसांनी मी सुनेकडे कुरकुरले की आपांचा मला फोन येत नाही, बहुतेक रागावल्या. सुनेने माझा फोन हातात घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, हा नंबर तर तुम्हीच ब्लॉक केलाय."

त्याच क्षणी उठून समोर जायचं होतं, चार पावलांवर तर घर. नाही गेले. सुनेला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. तिने नाही सांगितलं, पण त्या महिन्यांत मी तिला कारण नसताना दोन साड्या घेतल्या, आणि त्या घेताना ती कशी हसायची ते मलाच ठाऊक. मी मनाची समजूत घालत राहिले. एवढ्या वयात एकटीने रानात राहणं बरं का? एका परीने चांगलंच झालं. असं बोलणाऱ्या बाईला मी वर्गात अंगठे धरून उभं केलं असतं.

आणि समोर आपा होत्या. व्हॅन घरापुढेच उभी, कुलूपबंद, तिच्यावर धूळ. आपा ओट्यावर बसायच्या. बायका सहज हाका मारायच्या, आपा जरा बीपी बघा, आपा याला ताप आहे का सांगा. दार सारखं वाजायचं. त्या उठायच्या. एकदा मी पाहिलं, भर दुपारी त्या व्हॅनला पाठ लावून सावलीत बसल्या होत्या आणि बसल्या बसल्या डुलकी लागली होती. कुणाची तरी मोटारसायकल फटफटली तशा दचकून उठल्या, आणि पायांतले बूट चाचपले.

रमजान आला, ईद झाली. माझ्याकडे शिरखुर्म्याचं भांडं आलं, दरवर्षीसारखंच, काठोकाठ. मी ते खाल्लं. खाताना लाज वाटली, पण खाल्लं.

मग कळलं की मुलाने व्हॅनचा सौदा केला. केडगावचा एक दूधवाला रविवारी येऊन घेऊन जाणार, क्रेट ठेवायला फळ्या उपसून टाकणार. ही बातमी मला आपांनीच सांगितली, भाजीचा भाव सांगावा तशी. वर म्हणाल्या, पडदे तुला होतील का बघ, कापड चांगलं हाय.

रविवारी सकाळी मी समोर गेले. मुलगा आलेला होता, गाडीचे कागद चाळत बसलेला. आपा स्वयंपाकघराच्या दारात. मी चप्पल काढली, पदर नीट केला, आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. रुसले होते, नंबर ब्लॉक केला होता, विसरले. त्यांनी रोज फोन दिला असणार; माझ्याकडे तो वाजलाच नाही. अम्मी काही विसरलेली नाही बाबा, विसरले ते मी. आणि हे मला चौथ्या दिवशी कळलं होतं. कळूनही मी इतके महिने तोंड शिवून बसले, कारण माझी लाज मला त्यांच्या गाडीपेक्षा मोठी वाटली.

पाठ केलेलं होतं, तरी शेवटाला आवाज फाटला.

मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे. त्याने दूधवाल्याला फोन लावला, जमणार नाही म्हणाला. मग खिशातून किल्ली काढली आणि आईपुढे धरली. अम्मी, निदान मिस्ड कॉल यापुढे मलाही देत जा, एवढंच म्हणाला, आणि बाहेर जाऊन व्हॅनच्या काचेवरची धूळ हाताने पुसत उभा राहिला.

आपांनी किल्ली कमीजच्या खिशात टाकली. आत गेल्या, चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं, आता मला जा म्हणतील. मी जायला वळले तर म्हणाल्या, बस. बसले. त्यांनी विचारलं, ब्लॉक केल्यावर फोन केला तर काय होतं? मी म्हटलं, इकडे वाजत नाही, तिकडे लगेच कट होतो. त्यांनी आधणात चहा टाकला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टेपावर उभं राहून त्यांनी रोज फोन लावला आणि रोज तो लगेच कट झाला. त्या धरून चालल्या होत्या की मी बघून कट करते आहे. म्हणजे मला त्या ठीक असल्याचं कळलेलं आहे, आणि कळूनही मी माणसं पाठवली, मुलापुढे नाही म्हटलं. हे सगळे महिने त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं. तसंच धरून मुलापुढे माझं नाव घेतलं नव्हतं. तसंच धरून ईदला भांडं भरलं होतं.

मला वर बघवेना. त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला आणि म्हणाल्या:

"म्हंजी तू नुसती येडी हाईस व्हय? आन् मी आपली इतकं म्हयने तुला वंगाळ समजून माफ करत बसले."